अर्धांगवायु आणि रक्ताची साक्ष



अर्धांगवायूचा झटका येऊन घरांतील कर्तें माणूस अंथरुणास खिळलें, म्हणजे घरचीं माणसें वैद्याला पहिला प्रश्न विचारतात तो औषधाचा नसतो. "हे वांचतील ना? वांचले तर पुन्हां बोलतील का, चालतील का?" हाच तो प्रश्न. तो फार जुना आहे, आणि त्याचें उत्तर देण्याचे प्रयत्नहि तितकेच जुने आहेत. गेल्या शंभर-सवाशें वर्षांत रक्ताची परीक्षा करण्याचीं नवनवीं साधनें हातीं आलीं, तेव्हां हें उत्तर रोग्याच्या रक्तांतच कोठें तरी लिहिलेलें असावें, अशी आशा शास्त्रज्ञांना वाटूं लागली. त्या आशेची हकीगत आज आपणांस सांगावयाची आहे. तींत यश आहे, अपयशहि आहे; आणि माझ्या मतें या दोहोंहून मोलाचा असा एक बोध आहे. तो हा कीं, रोग्याचें भविष्य जाणणें एवढ्यानें भागत नाहीं. तें जाणून आपण पुढें काय करतों, यावरच त्या ज्ञानाची किंमत ठरते.

प्रथम प्राचीनांकडे वळूं. ग्रीक वैद्य हिपोक्रेटीस याच्या नांवावर जे ग्रंथ चालत आले आहेत, त्यांत रोगाच्या भविष्यकथनावर एक स्वतंत्र ग्रंथ आहे. त्याच परंपरेंतील सूत्रसंग्रहांत अशा झटक्याविषयीं मत दिलें आहे तें असें, कीं झटका जबर असेल तर तो बरा करणें अशक्य, आणि सौम्य असला तरी तें काम सोपें नाहीं. आमच्याकडे सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत पक्षाघाताचे तीन प्रकार सांगितले आहेत. केवळ वातामुळें झालेला पक्षाघात अत्यंत कष्टानें साध्य होणारा; वाताबरोबर दुसऱ्या दोषाचा संसर्ग असलेला साध्य; आणि धातुक्षयामुळें उत्पन्न झालेला असाध्य. म्हणजे रोग्याकडे पाहून तो कोणत्या वर्गांतील आहे हें ठरवावयाचें, आणि त्यावरून पुढचें अनुमान करावयाचें.

हें अनुमान कशासाठीं? या बाबतींत दोन्ही देशांतील प्राचीन ग्रंथकार फार मोकळेपणानें बोलतात. जो वैद्य पुढचें अचूक सांगतो त्याच्यावर लोकांचा विश्वास बसतो, आणि रोगी दगावला तरी दोष त्याच्याकडे येत नाहीं, असें ग्रीक ग्रंथाचें म्हणणें. असाध्य रोग हातीं घेणाऱ्या वैद्याचें द्रव्य, विद्या आणि यश यांची हानि होते, असा इशारा चरकसंहितेंत आहे. आज हें कठोर वाटेल. परंतु ज्या काळीं हातांत उपाय थोडे होते, त्या काळीं "येथें माझा इलाज चालणार नाहीं" असें स्पष्ट सांगणें हाहि एक प्रामाणिकपणाच होता. एवढें मात्र ध्यानांत ठेवावें, कीं भविष्यकथनाचा जन्म झाला तो बऱ्याच अंशीं कोणाला हातीं घ्यावें आणि कोणाला सोडून द्यावें, या विचारांतून. हा मुद्दा शेवटीं आपल्या उपयोगी पडणार आहे.

मेंदूंत प्रत्यक्ष काय घडतें हें कळावयास मात्र पुष्कळ शतकें जावीं लागलीं. मेंदूच्या पोकळ्यांत कफासारखा दोष सांचून वाट बंद होते, ही समजूत युरोपांत दीर्घकाळ टिकली. १६५८ सालीं स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेन शहराचा वैद्य योहान याकोब वेप्फर यानें या रोगावर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानें झटक्यानें मेलेल्यांचीं शवें उघडून पाहिलीं होतीं, आणि कांहींच्या मेंदूंत रक्तस्राव झालेला त्याला आढळला होता. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन शास्त्रज्ञ रूडॉल्फ फिर्शो यानें रक्ताची गुठळी कशी बनते आणि एका जागची गुठळी वाहत जाऊन दुसरीकडची वाहिनी कशी अडविते, हें सिद्ध केलें. तेव्हांपासून या रोगाचे दोन मार्ग स्पष्ट झाले. एकांत मेंदूंतील रक्तवाहिनी फुटते. दुसऱ्यांत ती तुंबते. दोन्हींत मेंदूचा एक भाग निकामी होतो, आणि त्या भागाच्या ताब्यांत असलेला हात, पाय किंवा वाचा लुळी पडते.

आतां रक्ताकडे येऊं. युरोपांतील वैद्य त्या काळीं पुष्कळ रोगांत शीर उघडून वाडगाभर रक्त काढीत असत, आणि तें गोठल्यावर निरखून पाहत असत. कांहीं रोग्यांच्या गोठलेल्या रक्तावर, दुधावर साय यावी तसा पिवळसर पांढरा थर येई. हा थर म्हणजे शरीरांत दाह असल्याची खूण, असें ते मानीत. स्कॉटिश शस्त्रवैद्य जॉन हंटर याचा रक्त व दाह यांवरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७९४ सालीं छापला गेला. त्यांतहि या सायीची चर्चा आहे. निरीक्षण खरें होतें. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र घातक होता. साय दिसली, दाह आहे. दाह आहे, तेव्हां आणखी रक्त काढा! अशा रीतीनें एका खऱ्या खुणेच्या पायीं अशक्त रोगी अधिकच अशक्त केले गेले.

या सायीचें कोडें विसाव्या शतकांत उलगडलें. १८९७ सालीं पोलंडचा वैद्य एडमंड बिएर्नात्स्की यानें असें दाखविलें होतें, कीं न गोठूं दिलेलें रक्त नळींत उभें ठेवलें असतां त्यांतील तांबडे कण हळूहळू खालीं बसतात, आणि हा वेग रोग्यारोग्यांत निराळा असतो. १९१८ सालीं स्वीडनमधील रॉबिन फोरेउस याला गर्भवती स्त्रियांच्या रक्तांत हा वेग फार वाढलेला आढळला. गर्भ ओळखण्याची सोपी युक्ति आपणांस सांपडली, असें त्याला वाटलें. परंतु पाहतो तों अनेक रोगांतहि तोच प्रकार! रक्तांतील कांहीं प्रथिनें वाढलीं म्हणजे तांबडे कण नाण्यांच्या चळतीसारखे एकमेकांस चिकटतात, जड होतात आणि लौकर खालीं बसतात. वर फिकट थर उरतो. जुन्या वैद्यांची साय ती हीच. १९२१ सालीं त्याच देशांतील आल्फ वेस्टरग्रेन यानें या परीक्षेची सुटसुटीत पद्धति प्रसिद्ध केली, आणि ती आजहि जगभर चालू आहे. मात्र फोरेउसच्या अनुभवांत एक इशारा होता. रक्त "कांहीं तरी बिघडलें आहे" हें सांगतें. काय आणि कोठें बिघडलें, हें सांगेलच असें नाहीं.

दुसरा महत्त्वाचा शोध न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत लागला. १९३० सालीं विल्यम टिलेट आणि टॉमस फ्रान्सिस हे न्यूमोनियाच्या रोग्यांची परीक्षा करीत होते. त्या रोगाच्या जंतूपासून काढलेलें एक द्रव्य, ज्याला त्यांनीं 'सी' हें अक्षर दिलें होतें, रोग्याच्या रक्तजलांत मिसळलें असतां सांका बसे. रोग जोरांत असतांना हा सांका भरपूर दिसे. रोगी बरा होऊं लागला कीं तो नाहींसा होई. रक्तजलांतील ज्या प्रथिनामुळें हें घडतें त्याला पुढें 'सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन' असें नांव पडलें. शरीरांत कोठेंहि मोठी इजा झाली, कीं यकृत हें प्रथिन झपाट्यानें तयार करूं लागतें. त्याला जंतूच लागतात असें नाहीं. मेंदूचा एक भाग मेला तरीहि तें वाढतें. रोगाच्या चढउताराबरोबर चढणारी आणि उतरणारी अशी ही खूण हातीं आली, तेव्हां रक्तावरून पुढचें अनुमान करण्याच्या कल्पनेला भक्कम आधार मिळाला.

तिला खरा जोर चढला तो हृदयविकाराच्या बाजूनें. १९५४ सालीं न्यूयॉर्कमधील तीन संशोधकांनीं असें दाखविलें, कीं हृदयाचा झटका आल्यावर हृदयाच्या मेलेल्या स्नायूंतून एक पाचकद्रव्य रक्तांत उतरतें आणि त्याचें मोजमाप करतां येतें. मग सहजच प्रश्न निघाला, कीं हृदयाला जमतें तें मेंदूला कां जमूं नये? परंतु मेंदूची गोष्ट निराळी आहे. जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यानें १८८५ सालीं असें नमूद केलें होतें, कीं जनावराच्या रक्तांत रंग सोडला असतां बाकीचीं इंद्रियें रंगतात, पण मेंदू कोरा राहतो. रक्त आणि मेंदू यांच्यामध्यें एक सूक्ष्म तटबंदी आहे. ती बाहेरचें आंत सहसा येऊं देत नाहीं, तसेंच आंतलें बाहेरहि सहजासहजीं जाऊं देत नाहीं. म्हणून मेंदूच्या नाशाची वार्ता रक्तांत येते ती उशिरा, आणि अत्यल्प प्रमाणांत.

तरीहि शोध थांबला नाहीं. १९६५ सालीं अमेरिकेंत ब्लेक मूर यानें गाईबैलांच्या मेंदूंतून एक प्रथिन वेगळें काढलें. अमोनियम सल्फेटच्या शंभर टक्के संपृक्त द्रावणांतहि तें विरघळलेलेंच राहतें, म्हणून त्याचें नांव 'एस-१००' असें पडलें. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्यें सॉलोमन बर्सन आणि रोझॅलिन यॅलो यांनीं किरणोत्सर्गी द्रव्यांच्या साहाय्यानें रक्तांतील अति सूक्ष्म पदार्थ मोजण्याची पद्धति बसविली होती. यॅलो यांना १९७७ सालीं त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. अशा पद्धतींमुळें मेंदूंतून पाझरलेला कणभर पदार्थहि सांपडूं लागला. पुढें असें आढळून आलें, कीं मेंदूची प्रमुख वाहिनी तुंबलेल्या रोग्यांत 'एस-१००'च्या 'बी' जातीचें प्रमाण पहिल्या एकदोन दिवसांत फार वाढलें, तर मेंदूला जीवघेणी सूज येण्याचा धोका अधिक असतो.

येथें एक अडचण सांगितली पाहिजे. भाकीत खरें ठरलें कीं खोटें, हें पाहावयाचें तर आधीं फळ मोजण्याचें माप हवें. "बरा झाला" म्हणजे किती बरा झाला? १९५७ सालीं ग्लासगोचे डॉ. जॉन रँकिन यांनीं यासाठीं एक साधी श्रेणी सुचविली. रोगी आपलीं कामें आपण करतो का, त्याला दुसऱ्याचा हात लागतो का, तो अंथरुणालाच खिळला आहे का, यांवरून ती ठरते, आणि थोड्या फेरफारानें ती आजहि वापरतात. झटका किती जबर आहे हें खाटेपाशींच अंकांत मांडण्याची पद्धति अमेरिकेंत १९८९ सालीं प्रसिद्ध झाली. १९७१ सालीं लंडनच्या ॲट्किन्सन मॉर्ले रुग्णालयांत गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानें जिवंत माणसाच्या मेंदूचें पहिलें स्तरचित्र निघालें होतें. त्यामुळें वाहिनी फुटली कीं तुंबली, हें शवाची वाट न पाहतां कळूं लागलें. आरंभ मोजतां येऊं लागला, शेवट मोजतां येऊं लागला. आतां मधला दुवा रक्तांत शोधावयाचा होता.

गेल्या तीसपस्तीस वर्षांत या शोधाला पूर आला. रक्तांतील साखर, पांढऱ्या पेशी, सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, गुठळ्या विरघळतांना निघणारे तुकडे, अशा कितीतरी पदार्थांचीं मोजमापें झालीं. एक उदाहरण तर मौजेचें आहे. १९८८ सालीं जपानी शास्त्रज्ञांना डुकराच्या मेंदूंत एक पदार्थ सांपडला आणि मेंदूवरूनच त्याला नांव मिळालें. पुढें कळलें कीं तो मुख्यतः हृदयांतून येतो! झटक्याच्या रोग्यांत तो वाढलेला दिसतो, तेव्हां पुष्कळदां तो मेंदूची नव्हे, तर थकलेल्या हृदयाची साक्ष देत असतो. २००९ सालीं स्वित्झर्लंडमधील बाझल येथील संशोधकांनीं ३६२ रोग्यांत 'कोपेप्टिन' नांवाच्या पदार्थाची परीक्षा केली. देहावर मोठा ताण पडला म्हणजे मेंदूच्या तळाशीं असलेली ग्रंथि एक रस सोडते. त्या रसाबरोबर हा पदार्थ तितक्याच प्रमाणांत निघतो, आणि तो रक्तांत टिकाऊ असल्यानें मोजावयास सोपा असतो. ज्यांच्यांत तो अधिक होता, त्यांची पुढील तीन महिन्यांतील स्थिति वाईट होण्याचा संभव अधिक दिसला.

मग प्रश्न सुटला का? याचें उत्तर देणारा एक सावध अभ्यास त्याच वर्षीं स्कॉटलंडमधील एडिंबरो येथून प्रसिद्ध झाला. ८४४ रोग्यांच्या रक्तांत दाहाचीं अनेक चिन्हें मोजून सहा महिन्यांनीं त्यांची अवस्था पाहण्यांत आली. चिन्हें वाढलेल्यांची गति वाईट झाली, हें खरेंच निघालें. परंतु संशोधकांनीं पुढचा प्रश्न विचारला: रोग्याचें वय आणि झटक्याची तीव्रता आधींच ठाऊक असतां, रक्तपरीक्षेनें आपल्या ज्ञानांत भर किती पडते? उत्तर आलें, फारच थोडी. रक्त खोटें बोलत नव्हतें. पण खाटेपाशीं बसलेल्या अनुभवी डॉक्टरला जें डोळ्यांनीं दिसत होतें, तेंच तें पुन्हां सांगत होतें. मेंदूचा मोठा भाग गेला कीं हातपाय लुळे पडतात, आणि रक्तांतील चिन्हेंहि वाढतात. एकाच घटनेचे हे दोन साक्षीदार. दुसऱ्यानें पहिल्याचीच हकीगत सांगितली तर खटल्यांत नवें तें काय आलें?

आणखी एक गोष्ट आम्हां शिक्षकांना चांगली ठाऊक आहे. शंभर मुलांच्या वर्गांतून साधारण किती मुलें नापास होतील हें जुन्या मास्तरला पुष्कळदां सांगतां येतें. पण पुढच्या बांकावरचा हाच मुलगा नापास होईल, असें छातीठोकपणें सांगूं गेल्यास तो तोंडघशीं पडतो. रक्तपरीक्षेचें भाकीत हें असेंच समुदायाचें असतें. "अशा शंभरांपैकीं इतके" असें ती सांगते. "तुमचे वडील" त्यांपैकीं कोणत्या बाजूला आहेत, हें ती सांगत नाहीं.

याहूनहि खोल असा धडा रक्तांतील साखरेनें शिकविला. झटक्याच्या वेळीं ज्यांच्या रक्तांत साखर वाढलेली असते त्यांचे हाल अधिक होतात, हें अनेक अभ्यासांत दिसून आलें होतें. तेव्हां साखर कडक बंधनांत ठेवली तर रोगी सुधारतील, हा तर्क अगदीं सरळ होता. अमेरिकेंत ११५१ रोग्यांवर याची कसोटी घेण्यांत आली आणि तिचा निकाल २०१९ सालीं बाहेर आला. एका गटांत शिरेंतून इन्शुलिन देऊन साखर ८० ते १३० च्या दरम्यान ठेवली. दुसऱ्या गटांत नेहमींच्या रीतीनें १८० च्या खालीं. नव्वद दिवसांनीं समाधानकारक सुधारणा झालेले रोगी पहिल्या गटांत शेंकडा २०.५ आणि दुसऱ्यांत २१.६ निघाले, म्हणजे फरक नाहींच. उलट साखर धोकादायक इतकी उतरण्याचे प्रसंग कडक गटांतच आले. वाढलेली साखर ही बऱ्याच अंशीं संकटाची सावली होती. आणि सावली पुसल्यानें संकट टळत नाहीं. जुन्या वैद्यांनीं साय पाहून रक्त काढलें, त्यांत आणि या तर्कांत मूळचें साम्य आहे. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, कीं आज तर्क रूढ होण्यापूर्वीं त्याची कसोटी घेतली जाते, आणि तो चुकला तर तसें छापून जाहीर केलें जातें.

आतां सुरुवातीस सांगितलेल्या मुद्द्याकडे येतों. २००१ सालीं अमेरिकेंतील सिॲटल येथील डॉक्टरांनीं मेंदूंत रक्तस्राव झालेल्या रोग्यांविषयीं एक अस्वस्थ करणारा विचार मांडला. रोगी जगणार नाहीं असें भाकीत केलें, म्हणून उपचार आंखडते घेतले. उपचार आंखडते घेतले, म्हणून रोगी गेला. आणि रोगी गेला, म्हणून भाकीत खरें ठरलें! असें भाकीत स्वतःच स्वतःला खरें करतें, आणि पुढच्या अभ्यासांत अचूकपणाचा पुरावा म्हणून मोजलें जातें. म्हणूनच अमेरिकन वैद्यकीय संस्थांच्या मार्गदर्शनांत असा सल्ला आला, कीं अशा रोग्याच्या बाबतींत उपचार मर्यादित करण्याचा नवा निर्णय निदान दुसरा पूर्ण दिवस उलटेपर्यंत घेऊं नये. अर्थात् रोग्यानें आपली इच्छा आधींच सांगून ठेवली असेल तर ती गोष्ट वेगळी. असाध्य म्हणून हात आंखडणारा प्राचीन वैद्य उपाय नव्हता म्हणून तसें करी. आज उपाय असतां आंकड्याच्या भरंवशावर हात आंखडणें, हें त्याच्याहून वाईट होय.

तर मग रक्तपरीक्षा व्यर्थ आहे काय? मुळींच नाहीं. ज्या परीक्षेनें पुढचें पाऊल बदलतें, तिची किंमत मोठी आहे. साखर फार उतरल्यामुळेंहि हातपाय लुळे पडून झटक्याचें सोंग उभें राहतें. बोटाच्या एका थेंबानें तें उघडकीस येतें आणि साखर देतांच रोगी सावरतो. गुठळी विरघळविणारें औषध द्यावयाचें, तर रक्त गोठण्याची शक्ति शाबूत आहे कीं नाहीं, हें रक्तच सांगतें. जर्मनींतील संशोधकांनीं दाखविलें आहे, कीं मेंदूच्या आधारपेशींतील एक प्रथिन वाहिनी फुटली असतां पहिल्या कांहीं तासांतच रक्तांत येतें, आणि ती तुंबली असतां मागाहून येतें. त्यावरून रुग्णालयांत पोंचण्यापूर्वींच दोन प्रकारांतील भेद ओळखतां येईल का, याचा अभ्यास चालू आहे. या परीक्षांत "याचें काय होणार?" यापेक्षां "याच्यासाठीं आतां काय करावें?" हा प्रश्न पुढें आहे.

आणि करण्याजोगें आज पुष्कळ आहे. गुठळी विरघळविण्याचें औषध वेळेवर दिल्यास पुष्कळांचें अपंगत्व टळतें, हें १९९५ सालीं सिद्ध झालें. तें सामान्यतः साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें. मोठ्या वाहिनींतील गुठळी बारीक नळी घालून ओढून काढण्याचा उपाय २०१५ सालच्या कसोट्यांनीं पक्का झाला. तोंड वांकडें झालें, हात खालीं पडला, बोलणें अडखळलें, असें दिसतांक्षणींच रोग्याला योग्य रुग्णालयांत नेणें, याच्या तोडीचें फळ अजून कोणत्याहि रक्तपरीक्षेनें दिलेलें नाहीं. मिनिटें वांचविलीं तर मेंदू वांचतो. आणि तीं वांचविणें प्रथम घरच्या माणसांच्या हातीं असतें.

तेव्हां खाटेपाशीं बसलेल्या आप्तांनीं डॉक्टरांस "हे बरे होतील ना?" असें अवश्य विचारावें, तो त्यांचा हक्कच आहे. त्यांच्या हातीं रक्ताच्या अहवालाचा कागद आला, तर तो साक्षीदाराची जबानी म्हणून वाचावा. साक्षीदार खरें बोलतो. परंतु निकाल देण्याचा अधिकार त्याचा नव्हे. आणि तो प्रश्न विचारून झाला, कीं लागलीच दुसरा विचारावा: "यांच्यासाठीं आज, या घटकेला, आणखी काय करतां येईल?" पहिल्या प्रश्नाचें उत्तर पुष्कळदां या दुसऱ्याच्या उत्तरावरच अवलंबून असतें.